अकरा नंबरची कार्यशाळा

१२ मे, सोमवार

ही वही टीगनने दिली. आमच्या बालवाडीतल्या बायकांचं असंच आहे, काही झालं की त्या वही काढतात. एक पोर दुसऱ्याला चावलं, वही. पोर जेवलं नाही, वही. मला काय झालंय ते तिने सांगितलं नाही. रोज दोन ओळी लिहा म्हणाली, शुद्धलेखन कुणी तपासणार नाही. मी नववीत शाळा सोडून उसाच्या ट्रकवर गेलो हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. दर नाताळच्या जेवणात मीच सांगतो.

माझी बायको रीटा जाऊन सात आठवडे आणि तीन दिवस झाले. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हृदय बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, तिला काही कळलंही नसेल. मलाही अजून काही कळलेलं नाही. सकाळी साडेसहाला बालवाडीचं कुलूप उघडतो, संध्याकाळी सहाला लावतो. मध्ये टोस्ट खातो.

मुलांना मी सांगितलंय की मिस रीटा माल्टाला गेली, बहिणीकडे. ती वारली त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी दार उघडलं तर टिली हॅलोरन, वय वर्षं चार, पाठीवर दप्तर घेऊन समोर उभी. मिस रीटा कुठाय? तोंडातून माल्टा निघालं. मी स्वतः माल्टा पाहिलेलं नाही, आजोबा ते बेट सोडून इथे क्वीन्सलंडला आले ते आलेच. माझ्या मागे सगळ्या बायका उभ्या होत्या. कुणी मला खोडून काढलं नाही. म्हटलं, बरं झालं, एक काम उरकलं.

वहीबरोबर टीगनने कार्यशाळांची यादी ठेवली आहे. वर्षातून एक दिवस बालवाडी बंद ठेवून शिक्षिकांना काहीतरी नवं शिकवायचं असतं. यंदा वीस जून. कुठली कार्यशाळा घ्यायची ते रीटा ठरवायची. डोकं तिचं, कुंपण माझं, अशी आमची वाटणी होती. रीटाची खुर्ची सध्या टीगन सांभाळते, पण सही मालकाची लागते. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे.

१४ मे, बुधवार

यादीत एकोणीस कार्यशाळा. बसून वाचल्या.

तीन नंबर, चिखल आणि बालविकास, पूर्ण दिवस. मी चाळीस वर्षं चिखलातून ट्रक बाहेर काढले, मला त्यावर अर्धा तासही बोलता येणार नाही. सात नंबर, शिक्षिकेचा श्वास, येताना चटई आणावी. आठ नंबर, जोखमीचे खेळ: शिड्या, दोर, हातोडी. रॉकहॅम्प्टनचा माणूस येतो, स्वतःची लाकडं घेऊन. हा माणूस मला न भेटताच आवडला. अकरा नंबर, मुलांशी मृत्यूबद्दल बोलताना. टाउन्सव्हिलच्या कुणी बाई. चौदा नंबर, निरीक्षणाच्या नोंदी कशा लिहाव्यात. आमच्याकडे त्या इतक्या लिहिल्या जातात की आता कमी कशा लिहाव्यात ते शिकवणारं कुणी हवंय.

पुढची वाचली नाहीत. खिडकीबाहेर कारखान्याची उसाची छोटी गाडी रिकामीच जाताना दिसली, रूळ तपासत असतील. हंगाम जूनमध्ये. तिचे डबे मोजत बसलो आणि किती झाले ते विसरलो.

१५ मे, गुरुवार

रीटाची एक पद्धत होती. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात प्रत्येकीने आपल्या पसंतीचा नंबर टाकायचा, नाव न लिहिता. रीटा सगळ्या चिठ्ठ्या वाचायची आणि जे कुणीच मागितलं नाही तेच ठरवायची. म्हणायची, माणूस मागतो ते त्याला निम्मं येतच असतं. दर वर्षी बायका चिडायच्या, आणि कार्यशाळा संपल्यावर तिच्या गळ्यात पडायच्या.

आज डबा उघडला. आठ शिक्षिका, आठ चिठ्ठ्या, आठही अकरा नंबरच्या. मोठ्या मुलांच्या खोलीतल्या ब्रोगनने तर आकड्याभोवती चौकोन काढलाय. नाव नसलं तरी हिरव्या शाईने लिहिणारी इथे ती एकटीच.

कुणाच्या घरी काय झालं ते मला कळेना. हजेरीपट काढून सत्तावन्न मुलांची नावं एकेक करून पाहिली. आजी-आजोबा सगळे धडधाकट. हेंड्री लोकांचा कुत्रा चौदा वर्षांचा आहे, आंधळा आहे, पण काल गेटपाशी माझ्यावर भुंकला.

दुपारी लहानग्यांच्या खोलीत गेलो. आंटी डेल एका बाळाच्या पाठीवर थोपटत होती. अठ्ठावीस वर्षं ती इथे आहे. पालक तिला आंटी म्हणतात, त्यांची मुलं म्हणतात, मीही म्हणतो, जरी ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. तिच्या पणजोबांना दूरच्या समुद्रातल्या एका बेटावरून जबरदस्तीने बोटीत घालून इथे ऊस तोडायला आणलं होतं. माझे आजोबा नंतर आपल्या पायांनी आले, त्याच उसात. ती मला अधूनमधून याची आठवण करून देते, विशेषतः चहा कुणी करायचा हा प्रश्न असतो तेव्हा.

म्हटलं, आंटी, सत्तावन्न नावं पाहिली, एकाही घरात मयत नाही.

ती हात न थांबवता म्हणाली, "मोजायला स्वतःच्या घरापासून सुरुवात करायची असते, चार्ली."

मी म्हटलं, माझं नाव पटावर नाही. एरवी ती हसली असती.

२० मे, मंगळवार

मोठ्या मुलांच्या खोलीत माल्टाचं प्रस्थ फार वाढलंय.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे: मुलांना ज्यात रस, तेच शिकवायचं. मुलांना गोगलगायीत रस वाटला तर महिनाभर गोगलगाय. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रीटाला म्हटलं होतं, हे तर ट्रकला विचारून रस्ता ठरवण्यासारखं झालं. पण ते चालतं, मी पाहिलंय. तर मुलांना आता माल्टात रस आहे. भिंतभर निळा कागद, त्यावर बेट. ते बेट आकाराने क्वीन्सलंडएवढं आहे. बावीस पासपोर्ट झालेत, फोटोसकट, कारण मिस रीटाला आणायला सगळ्यांनीच जायचंय. खुर्च्यांच्या दोन ओळी लावून विमान केलंय. सीटबेल्ट म्हणून रिबिनी.

ब्रोगन हे सगळं करते आणि नोंदी लिहिते. चोवीस वर्षांची आहे, अभ्यास अजून चालू आहे, नियम तोंडपाठ. आज तिचा चेहरा पाहिला तर डोळ्यांखाली काळं झालं होतं. म्हटलं, झोप होत नाही का? म्हणाली, "चार्ली, ते मला रोज विचारतात तिकिटं काढली का. मी काय लिहू?" मी म्हटलं, रस टिकून आहे असं लिही. ती रबराचे शिक्के एकावर एक रचत राहिली.

टिलीने मला तिचं चित्र दाखवलं. ढगात विमान, खिडकीत पिवळ्या केसांची बाई. रीटाचे केस कधीच पिवळे नव्हते, पण पिवळा रंग बराच शिल्लक आहे. चित्राकडे बघताना मला एवढंच वाटलं की हा रंग चांगला आहे, ओघळत नाही. कुठल्या दुकानातून घेतला ते विचारायला हवं.

२६ मे, सोमवार

आठ नंबर ठरवला. जोखमीचे खेळ. रॉकहॅम्प्टनच्या माणसाशी फोनवर बोललो, तो पूर्वी मेंढ्यांची लोकर कापायचा. वीस मिनिटं गप्पा मारल्या. त्याला मी मुलांसाठी केलेल्या लाकडी शिडीची रचना सांगितली. या दोन महिन्यांतलं माझं सगळ्यात लांब बोलणं हेच असेल.

टीगनला सांगितलं तर ती उभीच राहिली. शांत मुलगी आहे, आवाज चढवत नाही. म्हणाली, आठही जणींनी अकरा मागितलं होतं. मी म्हटलं, म्हणूनच. रीटाची पद्धत तुला ठाऊक आहे, मागितलेलं द्यायचं नाही.

"रीटाला माणसांची गरज ओळखता यायची, चार्ली. चिठ्ठ्या तर नुसत्या निमित्ताला होत्या."

मग तिने सहीचा कागद उचलला आणि डायपर बदलायच्या खोलीत गेली. इथल्या बायका चिडल्या की तिथेच जातात, दार लागतं म्हणून. पण ती भिंत मी स्वतः उभी केली आहे, प्लायवूडची, आणि माझी भांडाराची खोली तिला लागून आहे. ऐकायचं म्हणून गेलो नव्हतो. कागदी रुमालांचे खोके मोजायचे होते.

टीगनचा आवाज: त्याला दिसत नाही का?

डेलचा आवाज: दिसतं. त्याला सगळं दिसतं, हाच तर त्रास आहे. मी अठ्ठावीस वर्षांत एका पोराला खोटी गोष्ट सांगितली नाही, इंजेक्शन दुखत नाही असंसुद्धा नाही. आणि आता रोज त्या विमानाजवळून मान खाली घालून जाते.

फळी एक इंच जाड घ्यायला हवी होती.

रुमालांचे बारा खोके आहेत.

३० मे, शुक्रवार

मुलांनी तारीख ठरवून टाकली. झालं असं की टिलीची मावशी बालीहून परत आली. विमान गेलं, दहा रात्री झोपल्यावर विमान आलं. टिलीने गोल बैठकीत सगळ्यांना हे नीट समजावून सांगितलं. मग बोटं मोजली गेली आणि ठरलं की पुढच्या शुक्रवारी, सहा जूनला, मुलांनी विमानाने माल्टाला जायचं आणि मिस रीटाला घेऊन यायचं. कागदी टोप्या, फलक, केक. ब्रोगनने काय करावं? नियमाप्रमाणे तिने पालकांना चिठ्ठी पाठवली. मसुद्यावर माझी सही आहे. मी वाचला नव्हता.

संध्याकाळी टिलीची आई गेटपाशी थांबली. अंत्यविधीला आली होती ती, दुसऱ्या रांगेत, निळ्या कपड्यांत. गाडीच्या किल्ल्या हातात फिरवत म्हणाली, "चार्ली, टिली आत्ता विचारत होती की मिस रीटाला कुठला केक आवडतो. मी काय सांगू तिला?"

"लिंबाचा," मी म्हटलं.

 मग तिने माझ्या दंडाला हात लावला आणि गेली. मला आठवलं की लिंबाचा केक मला आवडतो. रीटा गोड खात नसे.

३ जून, मंगळवार

टाउन्सव्हिलच्या बाईंचा फोन आला. अकरा नंबरवाल्या. नाव नोलीन प्रुइट. टीगनने त्यांना कळवलं होतं. मी टीगनला रागावणार होतो, पण त्यासाठी उठावं लागलं असतं.

मला वाटलं कार्यशाळा विकायला फोन केलाय. तसं त्यांना म्हटलंही, बाई, आमचं ठरलंय, शिड्या आणि दोर. त्या म्हणाल्या, छान, तो माणूस चांगला आहे, त्याला नमस्कार सांगा. मग विचारलं, मुलांना नेमकं काय सांगितलंय? मी सांगितलं. माल्टा, पासपोर्ट, शुक्रवार. केकसुद्धा. 

मी विचारलं, वीस तारखेला तुम्ही आलात तर मुलांना सांगाल का? शिड्यावाल्याला पुढे ढकलतो.

"मी मोठ्यांना शिकवते, चार्ली. मुलांना सांगणार तुमच्यापैकीच कुणीतरी. आणि वीस तारीख सहा तारखेनंतर येते."

मग त्यांनी कसं सांगायचं तेही सांगितलं, मी न विचारता. झोपली म्हणायचं नाही, मुलं झोपायला घाबरतात. देवाने नेलं म्हणायचं नाही, मुलं देवावर चिडतात. गेली म्हणायचं नाही, कारण मुलं गेलेल्या माणसाची वाट पाहतात. मेली म्हणायचं. तिचं शरीर चालायचं थांबलं, आता ती येणार नाही. एवढंच, आणि मग गप्प बसून प्रश्न ऐकायचे.

हे सगळं यादीच्या पाठीमागे लिहून घेतलं. मेली हा शब्द लिहिला. अक्षर चांगलं आलं. काही वाटलं नाही. फोन ठेवताना म्हटलं, तरी वीस तारखेला याच. मुलांना सांगून झालेलं असो वा नसो, या बायकांना तुम्ही लागणार असं दिसतंय. आठांसाठी का, त्यांनी विचारलं. हो म्हटलं, आठ. त्या म्हणाल्या, नऊ लिहिते.

रॉकहॅम्प्टनला फोन करून दिवस सोडवून घेतला. तो म्हणाला, बरं भाऊ, बरं.

५ जून, गुरुवार

डेल वाळूच्या खड्ड्याजवळ मला गाठायला आली. मी वाळू चाळत होतो, बेडूक आणि काचा बघायला, ते माझंच काम. ती लाकडी काठावर बसली, गुडघे धरून. सरळ म्हणाली की उद्या ते विमान उडालं तर सोमवारपासून ती येणार नाही. राजीनामा लिहून टीगनच्या टेबलावर ठेवलाय, तारीख मात्र घातलेली नाही.

मी चाळत राहिलो. मग विचारलं की आठ जणी आहात, दहा आठवडे झाले, तुमच्यातल्या एकीने तरी खरं सांगून का नाही टाकलं? मी काय तुम्हाला काढून टाकलं असतं?

"बायको तुझी होती," डेल म्हणाली. "माझ्या आईने शिकवलंय, मेलेल्या माणसाचं आधी घरच्यांनी सांगायचं. बाहेरच्याने तोंड उघडलं तर ती चोरी. पोरींना मीच थांबवलं. म्हटलं, तो सांगेल, थोडे दिवस द्या. दिले. पोरं शाळेत जायची वेळ येईल, चार्ली."

मी म्हटलं, आंटी, मला काहीच होत नाही. रडायला येत नाही. असा माणूस पोरांसमोर काय सांगणार?

"मग उत्तम. वाक्य पुरं करशील."

तिने माझ्या हातातली चाळण घेतली आणि उरलेला अर्धा खड्डा स्वतः चाळला. एक बेडूक निघाला. तिने तो उचलून कुंपणापलीकडे नेऊन सोडला.

६ जून, शुक्रवार

लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

सकाळी साडेनऊला मोठ्यांच्या खोलीत गेलो. बावीस मुलं कागदी टोप्या घालून विमानात बसली होती. फलकावर MISS RITA लिहिलेलं, एक अक्षर उलटं. टिलीने मला हाताला धरून पुढच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्च्या गुडघ्याएवढ्या असतात. मग तिने माझ्या पोटावरून रिबीन नेली, मागे बांधली आणि हलू नको म्हणाली. ब्रोगन भिंतीला टेकून उभी होती. टीगन दारात. डेलने लहानग्यांना दुसऱ्या कुणावर सोपवलं होतं, ती जमिनीवर मांडी घालून बसली.

मी मागे वळलो, जेवढं वळता येत होतं तेवढं. म्हटलं, उडायच्या आधी मला सांगायचंय. मिस रीटा माल्टाला गेलेली नाही. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. मिस रीटा मेली. तिचं हृदय बंद पडलं, शरीर चालायचं थांबलं, आणि आता ती परत येणार नाही.

कुणी रडलं नाही. एकाने विचारलं की मेल्यावर ती जेवते का. म्हटलं, नाही. एकीने विचारलं की तिला थंडी वाजते का. म्हटलं, नाही, शरीर थांबलं की थंडी वाजत नाही. एकाने सांगितलं की त्याच्याकडचा मासा मेला, संडासात टाकला, मिस रीटाला पण टाकलं का? ब्रोगन तोंडावर हात ठेवून बाहेर गेली, हसायला का रडायला ते कळलं नाही, बहुधा दोन्ही. मी म्हटलं, नाही, तिला जमिनीत पुरलं, चर्चच्या मागे, तुमच्या आईबाबांबरोबर जाऊन बघता येईल.

मग तिसऱ्या खुर्चीवरचा जॅक्सन म्हणाला, "मग आता विमान कुठे जाणार?"

यादीच्या मागे हे लिहून घेतलेलं नव्हतं. म्हटलं, तुम्ही म्हणाल तिथे.

"बुंडाबर्ग," जॅक्सन म्हणाला. त्याची आजी तिथे असते. तर आम्ही बुंडाबर्गला गेलो. आवाज बराच झाला. उतरल्यावर केक खाल्ला, लिंबाचा.

दुपारी मी अंगणात गेटची बिजागरी घासत होतो. टिली आली. टोपी तशीच डोक्यावर. म्हणाली, मिस रीटा उद्या येणार?

म्हटलं, नाही. उद्या शनिवार, पण तसंही नाही.

"रविवारी?"

"रविवारी पण नाही."

तिला नुकतेच वार पाठ झालेत. तिने ते सगळे विचारले. सोमवारी? नाही. मंगळवारी? नाही. प्रत्येक वारानंतर ती थांबायची, माझ्याकडे नीट बघायची, आणि मग पुढचा. बुधवार. गुरुवार. शुक्रवारी, केकच्या दिवशी? तेव्हाही नाही. मी ते दिवस तिच्याबरोबर पहिल्यांदाच मोजत होतो. एकेक दिवस अख्खा होता, सकाळ-संध्याकाळसकट, आणि त्यात ती नव्हती.

शनिवार पुन्हा आला तेव्हा तिने विचारलं, "या शनिवारी पण नाही?"

 मी मान हलवली.

"मान नको हलवू," टिली म्हणाली. इथल्या बायका दिवसभर मुलांना हेच सांगतात, त्याच सुरात. "तोंडाने सांग."

पॉलिश कागद खाली ठेवला. तिच्या उंचीला आलो. बराच वेळ लागला, ती थांबली. मग तोंडाने सांगितलं.